कोरा रकाना

ताईच्या जिममध्ये सकाळ उजाडायची ती वासाने. शटर वर गेलं की धाकटी बहीण तिच्यापुढे उभी राहायची आणि ताई म्हणायची, "आ कर." मग नाक पुढे नेऊन हुंगायची. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा उग्र-गोड वास आला, म्हणजे अंगात साखरेचा कण नाही, चरबी जळतेय. ताईचा चेहरा फुलायचा. तान्ह्याच्या टाळूचा वास घ्यावा, तशी ती तो वास घ्यायची.

भिंतीवर फळा होता. त्यावर वजन, झोप, उचललेले किलो आणि शेवटचा रकाना पाळीच्या तारखेचा. धाकटीचा तो रकाना अकरा महिने कोरा होता. दर महिन्याला ताई तिथे खडूने चांदणी काढायची.

"शरीराने फालतू खर्च बंद केला, कळलं का गं? याला शिस्त म्हणतात."

ताई स्वतः पाच वर्षं अशीच कोरी राहिली होती. एकतिसाव्या वर्षी, वजनाचा बार खांद्यावर असताना, तिच्या खुब्याचं हाड मोडलं. पाऊल वाकडं पडलं, असं ती सांगायची. तेव्हापासून चालताना ती एका अंगाला झुकायची.

वजन उचलणाऱ्या मुलींच्या संघात सत्तावन्न किलो अंगवजनाच्या गटातून एकच मुलगी जाणार होती. धाकटीला ती जागा हवी होती, जीव टाकून हवी होती. पण बार एकशे वीसच्या पुढे जमीन सोडेना आणि नडग्या ठणकायला लागल्या. ताईला न सांगता ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"वय सव्वीस, आणि हाडं साठीच्या बाईची," बाई कागद बघत म्हणाल्या. "हाडं राखणारं इस्ट्रोजेन तळाला गेलंय. भात कमी खाऊन कुणी मरत नाही गं, पण तू रोज हत्ती उचलतेस आणि पोटात काडी टाकत नाहीस. व्यायामाच्या आधी बटाटा खा, नंतर भात खा. पोटभर. आणि पाळी आली की मला फोन कर. मी खुर्चीवर चढून नाचेन."

मग नऊ आठवडे धाकटीने जिमच्या गाद्या ठेवायच्या खोलीत, ताईच्या नजरेआड, उभ्या उभ्या उकडलेले बटाटे खाल्ले. गार, मीठ न लावलेले. पहिल्या दिवशी तर सालासकट खाल्ले आणि रडली. तोंडाचा वास गेला, म्हणून ती नखांच्या औषधाचा थेंब वरच्या ओठाला लावून ताईपुढे आ करू लागली. बार एकशे बत्तीसला हलला.

"बघा!" ताई बाकीच्या मुलींना म्हणाली. "चांदण्या काय करतात ते बघा!"

निवडीच्या सकाळी धाकटीला पाळी आली. आटलेल्या झऱ्याला पाझर फुटावा तशी, न सांगता, न विचारता. ती न्हाणीघरात एकटीच हसली. मग निवडीच्या जागी जाऊन काट्यावर उभी राहिली. सत्तावन्न किलो, तीनशे दहा ग्रॅम. पाणी धरलं होतं अंगाने.

"तासभर आहे," काट्यापाशी बसलेली बाई म्हणाली. "उतरवून या."

ताईने तिला ओढत न्हाणीघरात नेलं. आधी कात्रीने वेणी कापली, मानेपासून, एका दमात. मग हातात पेला दिला. "थुंक." धाकटी थुंकत राहिली, मधूनच बाहेर काट्यावर चढून येत राहिली. टॉवेल शोधताना ताईच्या हाताला पिशवीतलं पॅडचं पाकीट लागलं.

"हे काय?"

"आली. सकाळी."

"आजच मुहूर्त सापडला? काय गिळलंस?"

"बटाटे. नऊ आठवडे."

"आणि वास?"

धाकटीने वरच्या ओठावर थेंब लावल्यासारखं बोट टेकवून दाखवलं. ताई पालथ्या बादलीवर बसली. "म्हणजे मी रोज बाटली हुंगत होते!"

धाकटीने हे बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण मान उघडी पडली होती, वेणी ओल्या फरशीवर होती. "तुझं पाऊल वाकडं नव्हतं पडलं, ताई. हाड उपाशी होतं. पाच वर्षं तू ते उपाशी ठेवलंस आणि मिरवलंस."

ताईने पेला उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "किती राहिले?"

"नव्वद ग्रॅम. तू ऐकलंस का?"

"ऐकलं. ऐकून माझा खुबा सरळ होणार आहे? थुंक."

वजन बरोबर सत्तावन्न भरलं. दुपारी धाकटीने एकशे बत्तीस उचललं आणि अडीच किलोने जागा हुकली. पहिली आलेली मुलगी मंचावर उड्या मारत होती. निवड समितीचे गृहस्थ दोघी बहिणींपाशी आले.

"बावन्न किलोच्या गटात आमच्याकडे कुणी नाही. सहा आठवड्यांत पाच किलो उतरवशील, तर ती जागा तुझी."

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई भिंतीला टेकून उभी होती, दुखऱ्या अंगावरचा भार काढून. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती होती. तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि धाकटीचं मनगट धरलं.

"नको गं," ती म्हणाली. "साहेब, हिला नाही जम–"

धाकटीने मनगट सोडवून घेतलं.

"जमेल," ती गृहस्थांना म्हणाली. "फॉर्म कुठे भरायचा?"