मागे उलटलेलं पान

आमच्या घरात त्रिकूट म्हटलं की ते तिघंच. पियानोवर हे, व्हायोलिनवर माझ्या थोरल्या वन्सं आणि चेलोवर ह्यांचे मित्र, ज्यांना मी भावजी म्हणते. लग्नांच्या हॉलमध्ये पाहुणे जेवत असताना वाजवण्यापासून सुरुवात झाली. कुठे पियानोच्या चार पट्ट्या मुक्या, कुठे माणसाएवढ्या चेलोला बसमध्ये वेगळं तिकीट काढावं लागायचं. तिथून मखमली खुर्च्यांच्या सभागृहांपर्यंत आणि दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्डपर्यंत तिघं पोचले, ते वन्संमुळे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण त्यांना कौतुक केलेलं खपत नाही.

वन्सं फार कडक. अगदी सुरुवातीला, भावजींच्या आधी, चेलोवर दुसरे एक गृहस्थ होते. लागोपाठ दोन कार्यक्रमांत ते बेसूर वाजवून बसले, तेव्हा वन्संनी त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि त्रिकुटातून मोकळं केलं. त्यांचं म्हणणं एकच, ज्याला जमत नाही त्याने आपणहून उठावं, दुसऱ्याला उठवायला लावू नये.

म्हणून ह्यांनी डोळ्यांचं लपवलं. नजरेच्या मधोमध धूसर डाग आला, तो पसरत गेला, आणि डॉक्टरांनी गेलेली नजर परत येणार नाही असं सरळ सांगून टाकलं. जुनी रचना ह्यांच्या बोटांत मुरलेली, तिला डोळे लागत नव्हते. नवीन रचना घ्यायची वेळ आली की हे काहीतरी खुसपट काढून ती टाळायचे. पण तिघांनी एकदम सुरू करायचं असेल तर वन्सं व्हायोलिनचा गज किंचित उचलतात, आणि तो ह्यांना दिसेनासा झाला. मी कायम शेजारी बसून पानं उलटणारी. मग मी गज बघायचा आणि माझा गुडघा ह्यांच्या गुडघ्याला टेकवायचा, असं आम्ही ठरवलं. समोर स्वरलिपी उघडी, मी वेळेवर पान उलटतेय, सगळं कसं यथासांग. नवराबायकोचं हे नाटक दीड वर्ष बिनबोभाट चाललं. हे म्हणायचे, "पियानो गेला तर मी नुसता जेवणारा आणि झोपणारा माणूस उरेन." मला ते ऐकवत नसे.

त्या दिवशी दुपारचा कार्यक्रम होता. पहिल्याच भागात दोन पानं चिकटली आणि एकदम उलटली. समोर आलं ते त्या भागाचं शेवटचं पान, अर्धं कोरं. ह्यांना त्याचा पत्ताच नाही, हे छान वाजवत राहिले. मी गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय, हाताला राहवेना. मी पान मागे उलटलं.

पियानो एकटा वाजत होता, म्हणून वन्सं तेवढ्यात वळून बघत होत्या. ते अर्धं कोरं पान त्यांनी पाहिलं, माझा हात पाहिला, आणि त्या सगळ्यात न अडखळलेला भाऊही पाहिला. वाचणारा माणूस अशा वेळी थांबतो, निदान बायकोवर डोळे तरी वटारतो. वन्संनी ह्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

दुसरा भाग शांततेतून उगवतो. तिघांनी अगदी हळू, एकाच क्षणी सुरू करायचं. मी गुडघा तयार ठेवला. वन्संनी गज उचलला आणि नाकाने श्वास घेतला. मोठ्याने, सावकाश, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा. ह्याच वन्संनी भावजींना आयुष्यभर झापलं होतं, की वाजवताय का भाता ओढताय? रेकॉर्डवर एक सुस्कारा ऐकू आला म्हणून आख्खा दिवस पुन्हा वाजवायला लावलं होतं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी चमकून वर पाहिलं. वन्संना त्याचं काही नव्हतं. ह्यांची बोटं त्या श्वासाबरोबर खाली आली, आणि तिन्ही सूर एकच सूर होऊन उमटले. माझा गुडघा जागच्या जागी राहिला.

पुढे प्रत्येक वळणावर त्या श्वास घेत गेल्या. थोड्या वेळाने भावजीही घेऊ लागले, काहीही न विचारता. आपण माणसांच्या शेजारी बसलोय की आणखी कशाच्या, हेच मला कळेना.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "ताईला कळलं ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, दोघं या. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. वन्संच्या सरावाच्या खोलीत भावजी आधीच बसले होते आणि चहा तयार होता.

"कधीपासून?" वन्संनी विचारलं.

"दीड वर्ष. ही गुडघ्याने खूण करते, तेव्हा सुरू करतो. मी उठतो, ताई. तुला सांगायला लावत नाही."

"बस खाली," वन्सं म्हणाल्या. "दीड वर्ष मी गज उचलत होते तुझ्यासाठी, आणि तू वाजवत होतास हिच्या गुडघ्यावर. तरीच जरा उशिरा यायचास. मला वाटलं, माझाच इशारा चुकतोय, वय झालं. मीच उठायचा विचार करत होते."

वन्सं उठल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावलेले जाड पडदे त्यांनी ओढले, दारही लावून घेतलं. खोलीत मिट्ट काळोख झाला. भावजींचा गज कशालातरी आपटला.

"आता कुणालाच दिसत नाही," वन्संचा आवाज आला. "श्वास आजपासून तुझा. दे."

मग ह्यांनी श्वास घेतला, थरथरता, आणि पियानो वाजला. चेलो बरोबर आला. व्हायोलिन चुकलं.

"ताई," हे काळोखातून म्हणाले, "तुला उशीर झाला."

वन्संना असं बोलायची आजवर कुणाची प्राज्ञा नव्हती. भावजी खोकले. मी तर भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसले.

"झाला खरा," वन्सं म्हणाल्या. "पुन्हा घे."

ह्यांनी पुन्हा श्वास घेतला. ह्या वेळी तो थरथरला नाही. तिघं एकदम आले. मला उलटायला पान नव्हतं, बघायला गज नव्हता. आयुष्यभर मी दोन ओळी पुढचं वाचत त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्यांना नुसतं ऐकलं.