लाखेची तबकडी

“तुमच्या घरी रोज रडते कोण?”

हा प्रश्न मी गार्डसाहेबांना त्यांच्या फाटकाशी उभी राहून विचारला. वर्गातल्या वच्छला आणि शामलानं पैज लावली होती, बोरकुटाच्या दोन पुड्यांची. दोघी रस्त्यापलीकडे निंबाच्या बुंध्याआड दप्तरं छातीशी धरून उभ्या होत्या. नववीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर न करणारी मुलगी. पण यंदा वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून माझं तोंड कुणाला आवरेना, मलाही नाही.

गार्डसाहेब म्हणजे डिक्रूझसाहेब, रेल्वेतून रिटायर झालेले. मोतीबागेमागच्या कौलारू घरात एकटे राहायचे. आम्ही शाळेतून इंदोऱ्याच्या आमच्या वस्तीत परतायचो ती वाट त्यांच्या खिडकीखालूनच जायची. पाचच्या सुमारास त्या खिडकीतून आवाज यायचा. ना माणसाचा, ना जनावराचा. खालून निघायचा, सरकत सरकत वर चढायचा, तिथं थरथरायचा आणि मध्येच थांबायचा. वच्छलाच्या मते ती त्यांची वारलेली बायको होती.

साहेब रागावले नाहीत. फाटकाची कडी काढून एवढंच म्हणाले, “अंदर आके देखो, कौन रोता है.”

मागे पाहिलं तर निंबाखाली कुणीच नव्हतं. पळाल्या. मग मी आत गेले.

आत चावीचा ग्रामोफोन होता आणि त्याच्यावर एक काळी तबकडी फिरत होती. कुणी माणूस इंग्रजीत एक ओळ म्हणायचा, अर्धीच सोडायचा, आणि उरलेली अर्धी गिटार म्हणायची. मी म्हणते ते खरं आहे, गिटार बोलायची. साहेबांनी पितळी नळीचा बोटाएवढा तुकडा दाखवला. जुन्या इंजिनातून कापून घेतलेला. तो करंगळीत घालायचा आणि तारेवरून सरकवायचा. तार दाबायची नाही. भिंतीवर त्यांची गिटारही होती, दोन तारा नसलेली. बोटं आखडल्यापासून ते वाजवत नव्हते.

महायुद्धाच्या काळात ते कलकत्त्याच्या गाडीवर असायचे. तिथं एका काळ्या अमेरिकन शिपायाशी त्यांची दोस्ती झाली. मायदेशी परतताना तो शिपाई अकरा रेकॉर्डी यांच्या ट्रंकेत ठेवून गेला.

पुढचे दोन महिने मी त्या अकरा रेकॉर्डी ऐकल्या. भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केली आणि प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. एक आंधळा, तो म्हणे खिशातल्या चाकूनं वाजवायचा, त्याला आठ. बाटलीचं तोंड फोडून बोटात घालणारा एक होता, त्याला साडेसात, कारण तो घाई करतो. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात ठेवतात तशी गिटार मांडीवर आडवी ठेवणारा तिसरा, त्याला सहा. साहेब हसले आणि म्हणाले की सहा दिलेल्याला पुन्हा ऐक. ऐकलं. मग खोडून नऊ केले.

दहापैकी दहा फक्त एका रेकॉर्डीला. तिच्यावरचा कागद इतका झिजला होता की नावच वाचता येत नव्हतं. ती साहेब फक्त रविवारी लावत, चर्चमधून आल्यावर, बूट न काढता. तिची दुसरी प्रत मिळावी म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या दुकानांना पत्रं घातली होती. कुठंच नव्हती.

एकदा जेवताना मी हे सगळं बाबांना सांगत होते. माझे बाबा देवराव, सरकारी दवाखान्यात ड्रेसर, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम. वस्तीच्या गायन पार्टीत ते कोरसला असतात. चौदा एप्रिलला त्यांचा आवाज कामठी रोडपर्यंत जातो. मी सांगितलं की हे गाणारे लोक गुलामांची नातवंडं. त्यांचे पाण्याचे नळसुद्धा वेगळे असायचे. बाबांचा घास हातातच राहिला.

“नळ वेगळे?”

“हो. पाटी लावून.”

त्यांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, “आन बरं ते रेकॉर्ड एकदा. आइकू काय म्हणते तर.”

बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. म्हणून मी धाडस केलं आणि साहेबांकडे तीच दहापैकी दहाची रेकॉर्ड मागितली. त्यांनी खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. मग तपकिरी पाकिटात घालून दिली. “संडे को वापस,” म्हणाले. तो गुरुवार होता.

वस्तीतल्या लाऊडस्पीकरवाल्या चंपतरावांकडे जुन्या रेकॉर्डी वाजवायचं मशीन होतं. शुक्रवारी बाबांची ड्यूटी संपली की आम्ही तिथं जाणार होतो. शाळेतून आल्यावर मी रेकॉर्ड बाहेर काढली. खाचांमध्ये धूळ दिसत होती. आमच्या घरात स्वच्छ करायचं म्हणजे स्पिरिट. खरचटलं, स्पिरिट. कंगवा, स्पिरिट. बाबांचा चष्मा, तोही. फळीवर बाटली आणि कापसाचा गुंडाळा कायम. मी कापूस भिजवला आणि गोल गोल पुसायला लागले.

कापूस काळा झाला. मला काय आनंद झाला. केवढी घाण साचली होती, साहेबांच्या लक्षातही आलं नसेल. दुसरा कापूस घेतला, तोही काळा. तिसरा. मग बोट चिकटलं. उचललं तर तबकडीवर माझ्या बोटाचा ठसा उमटला होता, रेषारेषांसकट, आणि भोवती कापसाचे तंतू रुतून बसले होते.

वाळेल तेव्हा ठीक होईल असं मी स्वतःला तीन वेळा सांगितलं. वाळल्यावर तिची चकाकी गेली होती. खाचा बुजल्या होत्या.

तरी आम्ही चंपतरावांकडे गेलो. त्यांनी सुई टेकवली. खरखर, नुसती खरखर. बाबा मान तिरपी करून ऐकत राहिले, त्यांना वाटलं गाणं अजून सुरू व्हायचं आहे. मी मानेनंच नाही म्हटलं. चंपतरावांनी रेकॉर्ड उचलून नाकाशी नेली आणि विचारलं, “स्पिरिट लावलं काय वं हिले?”

मी हो म्हटलं. ते म्हणाले ही लाखेची असते, आणि लाख स्पिरिटात विरघळते. लाकडाला पालिश करणारे तेच तर करतात.

आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना बाबा म्हणाले की स्पिरिटची सवय त्यांनीच लावली. त्यापेक्षा त्यांनी रागावलेलं बरं होतं.

शनिवारी शाळेत शामलानं उपाय काढला. साहेबांची नजर अधू आहे. पाकीट तसंच द्यायचं आणि निघून यायचं. सुई खरखरली तर त्यांना वाटेल मशीन बिघडलं. वच्छला म्हणाली, पडून फुटली म्हण, अशा फुटतातच. दोन्ही उपाय चांगले होते. दिवसभर मी ते दोन्ही मनात म्हणून पाहिले, वक्तृत्वाच्या भाषणासारखे.

रविवारी मी पाकीट घेऊन गेले. साहेब आत्ताच चर्चमधून आले होते, बूट पायातच. त्यांनी पाकीट घेतलं, बाबांना आवडलं का असं विचारलं. मी काहीतरी हं म्हटलं. आता निघायचं होतं. एवढंच करायचं होतं, पाठ फिरवायची. त्यांनी रेकॉर्ड चाचपत मशीनवर ठेवली. चावी भरली, एक, दोन, तीन. तबकडी फिरायला लागली. ते डोळे मिटूनच सुईकडे हात नेत होते, आतल्या आत ऐकणं त्यांनी सुरूसुद्धा केलं होतं.

“नका लावू,” मी म्हटलं. “मी खराब केली ती.”

त्यांचा हात तिथंच थांबला. मग त्यांनी तबकडी उतरवली, खिडकीशी नेली, उजेडात तिरपी धरली. माझ्या बोटाच्या ठशावरून अंगठा फिरवला.

“किससे पोंछा?”

“स्पिरिटनं. स्वच्छ व्हावी म्हणून.”

भिंतीवरचं घड्याळ एवढं जोरात वाजतं हे मला दोन महिन्यांत कळलं नव्हतं. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, “जाओ अभी.”

मी बाहेर आले. फाटकाची कडी लावली. पण पाय पुढे जाईनात. हातात काही नव्हतं, देण्यासारखं तर काहीच नव्हतं. ते गाणं तेवढं डोक्यात होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणून मी फाटक धरून म्हणायला लागले. शब्द नाहीत, इंग्रजी कुठं धड येतं मला. फक्त गिटारीचं. खालून निघून सरकत वर. रस्त्यानं सायकलवरून जाणारे दोघं वळून वळून बघत होते. आवाज फाटत होता. तिसऱ्या ओळीला मी वर चढले आणि खिडकी उघडली.

“नहीं,” साहेब म्हणाले. “वहाँ तक वो पहुँचता नहीं. उसके जरा नीचे रुकता है. फिर से.”

मी पुन्हा म्हटलं. पोचायचं नाही हे पोचण्यापेक्षा कितीतरी कठीण होतं. चौथ्यांदा ते खिडकीत नुसते उभे राहिले, चूक काढली नाही. मग आत गेले. खिडकी मात्र बंद केली नाही.

घरी आले तेव्हा बाबा दाराशी बसले होते, आई तांदूळ निवडत होती. माझी आई इंदूबाई फार विचारत नाही, चेहरा बघते. पण आज तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“काय म्हणलं त्यायनं?”

“रागावले. मग चूक दाखवली.”

“कोणती चूक?”

“गाण्यातली.”

बाबांनी विचारलं की आता भरून कसं द्यायचं. तशी रेकॉर्ड तर कुठं मिळत नाही.

मी दप्तरातली भूमितीची वही काढली आणि यादीतल्या त्या बिननावाच्या ओळीवर बोट ठेवलं. तेच बोट.

“मी गिटार शिकणार आहे,” मी म्हटलं. “त्यायच्याचकडे, दर रविवारी. त्यायले अजून विचारलं नाही, उद्या विचारीन. मॅट्रिकचा अभ्यास बुडणार नाही. पण ते गाणं वाजवता आलं की आधी त्यायले परत देईन, अन् मग बाबा, तुमाले आइकवीन.”