चौदा टक्क्यांवर अडलेले बिऱ्हाड

मित्रांनो, इलोइलो शहरातल्या एका इस्पितळाच्या तळमजल्यावर, लोखंडी कपाटात जो जाडजूड, धुळकट सर्व्हर दिसतो, तो मी. वय अकरा वर्षे. आमच्या जातीत हे म्हातारपणच.

मी नवा होतो तेव्हा पाद्रीबाबांनी माझ्यावर जपून पवित्र पाणी शिंपडले होते आणि सगळ्यांनी पान्सितच्या शेवयांवर ताव मारला होता. मग रक्तपेढीचा संगणक माझ्या पोटात राहायला आला. खराखुरा नव्हे, माझ्याच शक्तीवर चालणारा आभासी संगणक. कोणते रक्त कोणाला जुळते, कोणती पिशवी कधी बाद होते, सारे त्याच्यात. त्यानंतर माझ्याकडे कोणी वळून पाहिले नाही. बिनतक्रार चालणाऱ्या यंत्राकडे कोण पाहतो?

यंदा माझ्या चारांपैकी दोन पंखे बंद पडले. अंग तापू लागले. शेजारी नवा सर्व्हर आला आणि रक्तपेढीचे बिऱ्हाड त्याच्याकडे हलवायचे ठरले. बंद करून हलवणे सोपे होते, पण रक्तपेढीच्या पुरिंगबाई ऐकेनात.

"तासभर बंद? वर डेंग्यूची एकोणीस मुलं आहेत. कुठली पिशवी कोणाला, हे मी काय कपाळावर लिहून ठेवू?"

"नाही बंद करत, मानांग. चालू असतानाच हलवते," रोवेना म्हणाली. ती आमची नेटवर्क इंजिनिअर. पुरिंगबाईंना ती मानांग, म्हणजे ताई, म्हणते.

हा सगळा भार इस्पितळाच्या रोजच्या नेटवर्कवर टाकला असता तर रक्तपेढीचे काम गोगलगायीसारखे चालले असते. म्हणून तिने आम्हा दोघा सर्व्हरांसाठी वेगळी केबल ओढली, मध्ये एक छोटा स्विच, म्हणजे इकडचे तिकडे पोचवणारी पेटी, बसवला आणि माहिती मोठमोठ्या गठ्ठ्यांनी पाठवायला आम्हाला सांगितले.

सोमवारी सकाळी सुरुवात झाली. चौदा टक्के झाले आणि काम अडले. थोड्या वेळाने मोडलेच. रक्तपेढी माझ्याकडेच शाबूत राहिली. मंगळवारपर्यंत चारदा हेच. दर खेपेला मी आणखी तापायचो.

विभागप्रमुख एल्पिदियो सर वैतागले. "ते जुनं धूड आहे, रोवेना. दमच नाही त्यात. बंद करून हलव, पुरिंगला मी बघतो."

"पण सर, चाचणीचा निरोप पाठवला की उत्तर येतंय."

"मग काय नवीन यंत्रात दोष आहे?"

मला इतका संताप आला! माझे गठ्ठे निघत होते. पलीकडून पोच येत नव्हती. ओरडून सांगावे तर तोंड कुठे आहे? प्रत्येक वेळी मी नोंदींमध्ये तेवढी ओळ लिहीत होतो. त्या नोंदी कोणी उघडल्याच नाहीत.

बुधवारी दुपारी रोवेना पांदेसालचा पाव खात माझ्यासमोर बसली आणि तिने नोंदी उघडल्या.

"पोच नाही. पोच नाही. पोच नाही," ती वाचत गेली. तिचे चावणे थांबले.

तिने मोठा निरोप पाठवला, न तोडता. उत्तर नाही. छोटा पाठवला. लगेच उत्तर. मग ती मधल्या स्विचकडे बघत राहिली.

"दोघांना मोठे गठ्ठे पाठवायला सांगितलं," ती पुटपुटली, "आणि ह्याला ते घ्यायला सांगितलंच नाही. मीच विसरले."

म्हणजे सुरुवातीचे किरकोळ सामान लहान गठ्ठ्यांतून जात होते, पण मोठे गठ्ठे तो बिचारा मुकाट टाकून देत होता, आणि शिव्या मी खात होतो. तिने त्याची मर्यादा वाढवली आणि हलवणे पुन्हा सुरू केले. चौदा टक्के. पंधरा. चाळीस. शंभर.

पुरिंगबाईंचा फोन आला. "कधी सुरू करणार आहात?"

"झालं, मानांग."

"काय झालं? माझं तर इथे चालूच आहे."

एल्पिदियो सर येऊन म्हणाले, "बघ, नवीन यंत्र म्हणजे नवीन यंत्र." रोवेनाने त्यांना चूक सांगितली, पण ते जिना चढू लागले होते.

मित्रांनो, आता माझे पोट रिकामे आहे. अंग निवले, राग नाही निवला. यंत्र अडले की त्याचे वय मोजू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण लिहिता येते. निदान वाचत तरी जा.