फ्रीजमधली डबी

"शी, आई. हे काय कालवतेयस?"

लॅबवालीने मान वर केली नाही. ओट्यापाशी उभी राहून ती वाटीत ब्लूबेरी कुस्करत होती. वाटीत जांभळा चिखल झाला होता आणि बोटं नखांपर्यंत रंगली होती. मुलगी नाकाला रुमाल लावून दारातच थांबली होती. ब्लूबेरीला असून असून वास तो कितीसा असणार? पण मुलीचा रुमाल वासाची वाट बघत बसत नसे.

"बिया काढतेय. तुझ्या बाबांना कुंडीत लावायच्यात."

"संपली की मी आणते ना दुसरी. हा राडा कशाला?"

आणायची ती, हे मात्र खरं. औषधांनी बापाच्या तोंडाची चव गेली, गिळेल तो घास लोखंडासारखा लागायला लागला, तेव्हा ही महागडी फळं हिनेच शोधून आणली. तेवढीच त्याला गोड लागली. मऊ गादी हिने आणली, नवा पंखा हिने आणला. फक्त बापाच्या खोलीत तिचं पाऊल पडत नसे. उंबरठ्याशी उभं राहून "बाबा, बरं वाटतंय ना?" विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पाठ फिरवायची.

लॅबवालीने वाटीत पाणी ओतलं. गर वर तरंगला, तिळाहून बारीक बिया तळाशी बसल्या. लोकांचं रक्त, लघवी आणि शौच तपासण्यात तिची हयात गेली होती, आणि आळीतही तिला लॅबवाली म्हणूनच ओळखत. नर्सरीतून आणलेलं वाळकं तपकिरी शेवाळ भिजवून तिने त्यात बिया मिसळल्या. घट्ट झाकणाचं भांडं हवं होतं, म्हणून लॅबमधली शौचाच्या नमुन्याची एक कोरी डबी घेतली. कोऱ्या डबीला काय धाड भरलीय? वर पट्टी चिकटवली आणि हात सवयीने चालला: नवऱ्याचं नाव, वय, तारीख. बिननावाची डबी तिने जन्मात कुठे ठेवली नव्हती.

"आता तीन महिने फ्रीजमध्ये," तिने नवऱ्याला सांगितलं. "थंडी लागल्याशिवाय जाग येत नाही म्हणे यांना. मग पेरायच्या. फळ धरायला पुढे दोन-तीन वर्षं."

"मला कुठे जायचंय?" पलंगाला खिळलेला नवरा म्हणाला, आणि दोघंही हसली.

तेव्हापासून त्याला उद्योग मिळाला. सकाळी तोंड धुऊन झालं की पहिला प्रश्न तोच, "गारठल्या का ग पोरी?" मग तिने डबी आणून त्याच्या हातात द्यायची, त्याने झाकण उघडून आत बघायचं. दिसायचं काहीच नाही. तरी तो बघायचा, आणि त्या दिवशी दोन घास जास्त खायचा.

महिने भरत आले. कुंडी आली, माती आली. सुट्टीच्या दिवशी सकाळी लॅबवाली मागे कपडे धूत असताना आत संडासाचं पाणी सोडल्याचा आवाज आला, पाठोपाठ मुलीच्या ओकाऱ्या. ती ओल्या हातांनी धावली.

"दुधाशेजारी, आई," तोंड पुसत मुलगी म्हणाली. "दुधाशेजारी तू बाबांचं ते ठेवलंस. ओतून आले मी. डबी पण टाकली."

"बिया होत्या त्यात."

 मुलीचा आवाज चढला. "मला काय स्वप्न पडलं होतं? तपकिरी लगदा, वर बाबांचं नाव. कुणालाही तेच वाटेल." आणि ती ओट्याच्या नळाखाली हात धरून पुन्हा साबण चोळायला लागली, थेट कोपरापर्यंत.

लॅबवाली बघत राहिली. परक्यांच्या पोटातली घाण तिने पोटासाठी उपसली, पण किळस तिला कधी शिवली नव्हती. आजारी माणसाची कसली आलीय किळस? आज मात्र शिसारी पोटातून वर आली, ती या साबणाच्या फेसाची, या गोऱ्यागोमट्या हातांची. लॅबची पाळी पहाटेची असे, म्हणून हिचं लहानपणीचं शी-शू सगळं बापाने काढलं होतं. गाणी म्हणत काढलं होतं. आणि ही त्याचं समजून भडाभडा ओकली. पोटच्या पोरीची शिसारी यावी, याचीही तिला शिसारी आली. ती नवऱ्याच्या खोलीत गेली.

भिंत पातळ होती. नवरा जागाच होता.

"गेल्या ना पोरी?"

"गेल्या. फळं आणली की परत काढू."

"राहू दे आता." त्याने दाराकडे बघितलं. "ती ओकली का ग?"

"पित्त झालंय तिला. रात्रीपासून कुरकुरत होती."

त्याने मान हलवली. खरं मानलं की नाही, ते तिला कळलं नाही. मग त्याचा चेहरा आवळला, कपाळावर घाम आला. ही खूण तिला पाठ होती. तिने वाकून पलंगाखालचं शौचाचं भांडं ओढलं, तर त्याने तिचं मनगट धरलं.

"तिला बाहेर जाऊ दे आधी."

"अहो, सुट्टी आहे तिला. कुठे जातेय ती?"

"मग थांबतो."

त्याने डोळे मिटले आणि चादर मुठीत घट्ट धरली. स्वयंपाकघरात नळ अजून वाहत होता. ती भांडं मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिली.