एका डब्यातल्या दोन विजय सुपर

माझ्याकडे तीन स्कूटर आहेत आणि एकीचेही कागद नाहीत. एक लॅम्ब्रेटा, तिला इंजिन नाही. एक पुष्पक, तिला पुढचं चाक नाही. तिसरी तीन चाकांची. ती नक्की काय आहे हे रबाळ्याच्या भंगारवाल्यालाच कळलं नाही, म्हणून त्यानं मला देऊन टाकली. कोपरखैरण्याला आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली तिघी उभ्या असतात. पप्पा त्यांना सामान म्हणतात. "मैत्री, तुझं सामान हलव."

एप्रिलमध्ये मला अठरा पूर्ण झाली, म्हणजे आता गाडी माझ्या नावावर होऊ शकते. शाळा मी अकरावीत सोडली. त्यामुळे माझं नाव छापलेला शेवटचा कागद म्हणजे दहावीची मार्कशीट, आणि ती कुणाला दाखवण्यासारखी नाही. मला आरसी पाहिजे होती. चालू गाडीची, माझ्या नावाची.

वाशीच्या नंदकुमार काकांकडे विजय सुपर स्कूटर आहे हे मला त्यांच्या वॉचमननं सांगितलं. नव्वद सालची, फिकट हिरवी, चालू. काका रबाळ्याच्या एका औषध कंपनीत स्टोअरला क्लार्क होते, आता रिटायर. जावयाची गाडी येणार, पार्किंग पाहिजे, म्हणून विकायची होती. नेरूळच्या एका दातांच्या डॉक्टरलाही ती हवी होती. त्याच्याकडे अकरा आहेत, सगळ्या काचेच्या मागे.

"डॉक्टर रविवारी येतायत," काका बोलले. "तू आधी आलीस. त्याच्या आत कागद तयार केलेस तर तुझी."

"तयारच समजा."

"मी समजत नाही. दाखव."

नावावर करायला चासी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. नंबरवर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. मी उजवं पॅनल काढलं, तेल पुसलं, घासलं. आरसीवर शेवटचे आकडे चारशे सतरा. माझ्या कागदावर तीनशे ब्याण्णव. पुन्हा घासलं. पुन्हा ब्याण्णव.

"काका, ही तुमची स्कूटर नाहीये."

"तीस-पस्तीस वर्षं चालवतोय मी."

"चालवताय. तुमची नाहीये. रिन्यूअलला कुणी बघितलं नाही?"

"एजंट करायचा. घरी बसून."

काकांनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले. मग "हिरामण" बोलले, पाल दिसल्यावर बोलतात तसं.

हिरामण पाटील बोनकोड्याचा. त्याच कंपनीत बॉयलरवर होता. दोघांनी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून स्कूटर घेतल्या. चौऱ्याण्णवला दोघांनी बरोबरच रंगाला टाकल्या, एकाच पेंटरकडे. रंगाच्या एका डब्यात दोन्ही होत होत्या, म्हणून दोन्ही हिरव्या.

"अर्धा डबा काय फेकून द्यायचा?" काका बोलले. "पण माझी परत आली ती वेगळीच. आवाज वेगळा, गिअर वेगळे. पाच दिवस होती पेंटरकडे. तेवढ्यात यानं इंजिन बदललं."

"विचारलं त्यांना?"

"विचारायचं काय त्यात? दुसऱ्या दिवसापासून मी जेवायला दुसऱ्या टेबलावर."

दुसऱ्या दिवशी मी बोनकोड्याला गेले. हिरामण काका ओट्यावर बसून लसूण सोलत होते. स्कूटर घराच्या मागे, तिच्यावर कोंबड्या. मी विचारायच्या आधीच ते सुरू झाले.

"चालत नाय ती. नंद्यानं माझा इंजिन घेतला नि आपला खटारा घातला हिच्यान. पेंटरकडं व्हती तवा."

"तुम्ही त्यांना विचारलं?"

"मी कनाला विचारू?"

मी कोंबडी उचलून बाजूला ठेवली आणि पेन्सिल घासली. चारशे सतरा. त्यांची आरसी मागितली. त्यांनी ती पत्र्याच्या पेटीतून काढली. तीनशे ब्याण्णव.

दोन्ही कागद ओट्यावर ठेवले. "इंजिन कुणीच बदललं नाही. पेंटरनं रंग मारायला नंबरप्लेटी काढल्या आणि लावताना याची त्याला लावली. तुम्ही दोघं नंबर बघून आपापली घेऊन गेलात."

हिरामण काकांनी अख्खी पाकळी सोलली. "म्हंजे ती चालू हाय ती माझी."

"हो."

"नि ही कोंबड्यांची नंद्याची."

"हो."

"मंग तू माझी गारी नंद्याकडून इकत घेतेस?"

मी पेन्सिल खिशात ठेवली.

"नंद्याला सांग, गारी घेऊन सोता ये. सही तवा देईन."

वाशीला येऊन सगळं सांगितलं. काका ऐकत होते, मधेमधे मान हलवत होते. शेवटी बोलले, "त्यानं यायला पाहिजे आधी."

शनिवार उजाडला होता, डॉक्टर उद्या येणार होता. माझं डोकं गेलं.

"काका, पेंटरवर चिडायचं सोडून तुम्ही तीस वर्षं एकमेकांवर चिडलात. आणि आता आधी कोण ते विचारताय? आधी मी आले. तुम्हीच बोललात. बसा गाडीवर."

काका उठून हेल्मेट शोधायला लागले. त्यात वीस मिनिटं गेली. खाली येऊन त्यांनी गाडी डावीकडे तिरकी केली, सरळ केली, किक मारली. मी मागे बसले. वाशी ते बोनकोडे काटा तीसच्या वर गेला नाही. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि काकांनी त्याला हात दाखवून जाऊ दिलं.

हिरामण काका गल्लीत उभेच होते.

"केस गेले रे तुझे," ते बोलले.

"तुझं पोट आलं."

"हिरवा रंग तू काढलास. मना निला पायजे व्हता."

"मग बोलायचं होतंस."

"तू बोलू देतोस कवा?"

सॉरी कुणी बोललं नाही. मी प्लेटी बदलल्या. चार बोल्ट, एक गंजलेला. सात मिनिटं लागली.

हिरामण काकांनी आम्ही आणलेली गाडी दुसऱ्या किकला चालू केली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली, परत आणली. "इंजिन झाक हाय. कारकुनाच्या हातान सुस्त झालाय." मग गाडी उंबऱ्यावरून चढवून सरळ घरात घातली, टीव्हीच्या बाजूला. "मी इकनार नाय."

"काका, तुम्ही सही देईन बोललात."

"बोल्लो. तवा ती माझी नव्हती."

मी पाना फेकून दिला. मग जाऊन उचलून आणला, कारण तो माझाच होता.

नंदकुमार काका तोपर्यंत मागे त्यांच्या स्कूटरजवळ गेले होते. पॅनल उघडलं. आत दोन अंडी होती. त्यांनी ती हिरामण काकांच्या हातात दिली.

"कोंबड्या तुझ्या." मग माझ्याकडे वळले. "ही माझी ना? आता कागद जुळतात?"

"जुळतात. पण ही चालत नाही."

"मी कागद बोललो होतो. चालण्याचं काही बोललो नव्हतो."

तिथूनच त्यांनी डॉक्टरला फोन लावला. स्पीकरवर ऐकू आलं. डॉक्टरनं विचारलं, चालू आहे का. काका बोलले, नाही. डॉक्टर बोलला, मग राहू द्या.

नावावर करायच्या फॉर्मवर नंदकुमार काकांनी ओट्यावर बसून सही केली. साक्षीदार म्हणून हिरामण काकांनी, लसणाच्या हातानं. मग दोघं आत चहा प्यायला गेले, स्कूटरच्या बाजूच्या खुर्च्यांवर. मला कुणी बोलावलं नाही. मी टेम्पो शोधायला गेले.

महिन्याभरानं पोस्टानं आरसी आली. माझं नाव, आमचा पत्ता, शेवटी चारशे सतरा. मी खाली जाऊन परत एकदा पेन्सिल घासली. चारशे सतराच होतं.

संध्याकाळी पप्पा एपीएमसी मार्केटातून आले. जिन्याखाली चौथी बघून थांबले.

"अजून सामान?"

मी कार्ड दिलं. त्यांनी पुढून वाचलं, मागून वाचलं, परत पुढून वाचलं.

"चालते का?"

"नाही."

कार्ड त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवलं. वर जाताना दुसऱ्या पायरीवर थांबले.

"तिथे वरून पाणी गळतं," बोलले. "ही जरा आतल्या बाजूला घे."

बाकीच्या तिघींबद्दल काही बोलले नाहीत.