दुसऱ्यांचे आवाज नेणारा

अमडापूरच्या दयारामभाऊंच्या मुलीचा, समताचा मंगलपरिणय २०२२ साली झाला. मांडव उतरला आणि त्याच महिन्यात दयारामभाऊंच्या वायरलेसच्या छंदातून त्यांच्या ओसरीवर माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना रेडिओ रिपीटर आहे. टेकडीआडून आलेला अशक्त आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी मोठा करून पुढे सोडायचा, हे माझं काम.

माझ्या अंगात नवं काहीच नाही. दोन वायरलेस संच भंगारातले, पेटी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची. फक्त डुप्लेक्सर मिळेना. माझाच आवाज माझ्या कानात शिरू नये म्हणून ती पितळी नळकांडी लागतात. ती जुनी मिळाली, पण बाकी सगळ्या सामानापेक्षा महाग. दयारामभाऊ तोंड पाडून बसले.

त्यांच्या बायकोने, जनकाबाईंनी, आपल्या छातीच्या तपासणीसाठी ठेवलेले पैसे पुढे केले. "घ्या, आना तुमची नळकांडी. मी जाईन पुढच्या महिन्यात अकोल्याले."

"छाती दुखते ना तुही?"

"आता नाही दुखत. तुमचं तोंड पाहून दुखे."

दयारामभाऊ हसले. त्यांनाही तेच खरं मानायचं होतं.

सरकारी परवाना आला, मी टेकडीवर चढलो. पहिल्याच दिवशी नांदुऱ्याहून त्यांचे मित्र उत्तमराव बोलले, "काय खणखणीत आवाज हाय बे दयाराम! खर्च किती आला?"

"कायचा खर्च? सारं भंगारातलं हाय!"

पुढचा महिना काही येईना. समता फोनवर रागवायची, "आई, तारीख काऊन ढकलतं तू?" जनकाबाई म्हणायच्या, "सोयाबीन निघू दे."

पुढच्या पावसाळ्यात पूर आला. मोबाईल मुके झाले. गावागावांचे निरोप मी नेले, माझं फार कौतुक झालं. दयारामभाऊ माझ्याजवळून हलले नाहीत. जनकाबाई डबा घेऊन टेकडी चढायच्या. वाटेत दोनदा दगडावर बसायच्या, छातीवर हात दाबून. वर आल्या की पदराने घाम पुसून हसायच्या. दयारामभाऊंच्या कानाला हेडफोन असायचा, पाठ वाटेकडे. मी सगळं पाहत होतो. पण मला दुसऱ्यांचेच आवाज दिले होते, माझा एकही नव्हता.

आता दयारामभाऊ वर येत नाहीत. माझी बॅटरी उतरली आहे, अँटेनावर पारवे बसतात. मित्रांनो, मला झाडूनपुसून ठेवा असं माझं मागणं नाही. तुमच्या घरात कुणी आपलं दुखणं पुढच्या महिन्यावर टाकत असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याला आजच दवाखान्यात न्या.

जनकाबाई २ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी चहा ठेवताना हृदयविकाराने वारल्या.