आरशावरची मापं

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. माणसाच्या उंचीचा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एखाद्या मोठ्या घरात लागेन. लागलो कपडे दुरुस्तीच्या दुकानात, कपडे बदलायच्या खोलीत, पडद्यामागे. माझ्यात माणूस बारीक दिसतो म्हणून गिऱ्हाइकं माझं कौतुक करत.

दुकान मावशींचं. त्या तरुणपणी नवऱ्यासोबत परदेशातून इथे आल्या आणि पुढे त्याच्या मारातून सुटल्या.

काही बायका माझ्याकडे बघतच नसत. त्यांचे नवरे बाहेर थांबत; पडद्याखालून बूट दिसत. अशाच एका परदेशी मुलीच्या खिशात मावशींनी मदत करणाऱ्या संस्थेच्या नंबरची चिठ्ठी घातली. नवऱ्याला ती सापडली. मुलगी पुन्हा आली नाही. तेव्हापासून दमट हवेत माझ्या कोपऱ्यात तिचा चेहरा उमटतो. मावशी पुसतात. जात नाही.

मग निळ्या ड्रेसवाली आली. तोच ड्रेस तिसऱ्यांदा आत घ्यायचा होता.

"हिला इथली भाषा येत नाही," नवरा म्हणाला. "विचारायचं ते मला विचारा."

मावशींनी शिलाई मशीनवर बसलेल्या आपल्या सुनेला खूण केली. सुनेने कापड न लावताच मशीन चालू केलं. त्या खडखडाटात मावशी पडद्यामागे मुलीशी तिच्या भाषेत कुजबुजल्या. तिच्या दंडावरचे वळ मावशींनी आणि मी पाहिले होते.

"माझे कागद त्याच्याकडे आहेत. तोंड उघडलंस तर तुलाच देशाबाहेर काढतील म्हणतो."

"मलाही हेच सांगितलं होतं. बघ, अजून इथेच आहे. संस्थेत वकीलबाई आहेत, आपली भाषा बोलणारीही एक जण आहे. चिठ्ठी देत नाही. पाठ कर."

शिवणकामाच्या खडूने त्यांनी माझ्यावर नंबर लिहिला. दोन-दोन आकडे, एकाखाली एक. मुलीचे ओठ हलू लागले. कोपऱ्यातल्या चेहऱ्याचेही हलले.

बूट पुढे सरकले. पडदा बाजूला झाला.

"हे काय?"

"मापं," मावशी म्हणाल्या. "छाती, कंबर, बाही. तुमचंही घेऊ का? पोट जरा सुटलंय."

तो ओशाळून मागे झाला.

आठवड्याने तो एकटाच आला. ती इथे आली होती का, असं विचारत थेट माझ्यासमोर उभा राहिला. मग माझ्या कोपऱ्याकडे नजर जाताच त्याने झटकन मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो ड्रेस न घेताच गेला. संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. मुलगी संस्थेत सुखरूप पोचली होती.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी सदा दुसऱ्याच्याच तोंडून बोलत असेल, तर तिला एकटीला गाठा, तिच्या भाषेत विचारा. घाई करू नका. आणि माझ्यावर खडूचे आकडे दिसले तर पुसू नका. कोपऱ्यातली अजून पाठ करते आहे.